लाल गाडी मिसिंग मारते

“वहिनींना कंपनीतूनच सायलेन्सर बसवून आलंय का बे?”

हे वाक्य मी ऐकायचं नव्हतं. भैय्यासाहेब ते आमच्या ह्यांच्या कानाशी बोलले होते. पण स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजच्या खड्ड्यावरच उघडते, आणि ज्यांच्या गाडीचा आवाज पलीकडच्या शिवारात जातो त्यांना कानाशी बोलायची सवय कुठून असणार! हे हसले. मलाही हसू आलं. ते बाहेर जाऊ नये म्हणून मी भाकरी जरा जोरात थापली.

लग्न होऊन मी माजलगावला आले ती ह्याच वर्षी. पुढं गॅरेज, मागं घर. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते मूळचे ट्रॅक्टरचे मिस्त्री. हे कार बघतात. शेजारच्या टपरीत शफीकभाई असतात, वायरिंगचं काम तेच करतात. सासूबाईंना मी फक्त फोटोत पाहिलंय. म्हणजे घरात बाईमाणूस मी एकटी, आणि बोलणं सगळं पान्यांचं आणि पुरुषांचं.

अशा घरात किस्से साठतात ते जुन्या प्लगसारखे. कामाचे नसतात, पण टाकवतही नाहीत. कोपऱ्यातल्या डब्यात पडत राहतात, आणि एक दिवस डबा उचलायला जावं तर हलत नाही. माझा डबा भरला तो एकाच गाडीनं. मैत्रिणींना फोनवर सांगते तेव्हा त्या खिदळतात. मीही हसत हसतच सांगते. सांगून झाल्यावर माझे हात गार पडलेले असतात, ते फोनवर कुठं दिसतं?

*

भैय्यासाहेब म्हणजे आबासाहेबांचे चिरंजीव. आबासाहेब म्हणजे भागातलं मोठं प्रस्थ. ऊस त्यांचा, माणसं त्यांची, आणि आमचं गॅरेज उभं आहे ती रस्त्याकडची जागाही त्यांचीच. म्हणून भैय्यासाहेबांना आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणत नाहीत. गिऱ्हाइकाला नाही म्हणता येतं.

त्यांची लाल गाडी कधीकाळी साधी चार दारांची होती म्हणे. पुण्याहून सेकंडहँड आणली ती ‘करूनच’ आणलेली. टर्बो बसवलेला. मागं तपेल्याच्या तोंडाएवढा सायलेन्सर. मधला धूर गाळणारा डबा कापून टाकलेला. कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी बोटं घातलेली. इंजिनावरचं काळं प्लास्टिकचं झाकणसुद्धा काढून ठेवलेलं. का, तर आत लाल रंग मारलाय तो दिसावा!

मी पहिल्यांदा ही गाडी पाहिली तेव्हा माझ्या हातात चहाचा ट्रे होता. हळदीचा हात, नवी साडी, पदर सांभाळत दारात आले, आणि भैय्यासाहेबांनी रेस करून पाय सोडला.

फाट्!

मला वाटलं, गोळी झाडली. ट्रे कुठं गेला ते आठवत नाही. मी दाराआड खाली बसले होते आणि दोन्ही कानांवर हात होते, एवढं आठवतं. डोळे उघडून आधी ह्यांना शोधलं. हे उभे होते, धड होते.

मामा लगबगीनं आले. “घाबरू नको पोरी. काय न्हाई झालं. गाडी शिंकली.”

मी वर बघितलं तर भैय्यासाहेब मोबाइल धरून ओरडत होते, “पुन्हा एकदा! पुन्हा एकदा! पहिल्यात वहिनी मधी आल्या!”

*

शिंकणं हौसेचं होतं. त्याला ते ‘फटाके’ म्हणायचे आणि ते वाजावेत म्हणून पैसे मोजून आले होते. खरं दुखणं वेगळंच होतं. गाडी मिसिंग मारायची. चार सिलिंडरची गाडी मध्येच तिनावर चालायची. थरथरायची, खोकायची, आणि अंगात वारं शिरल्यासारखी पळतापळता एकदम दम सोडायची. समोर चेक लाइट पेटायचा.

ह्यांनी स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर.

सेन्सर बदलला. लाइट गेला. दोन दिवसांत परत आला. पुन्हा सेन्सर बदलला. लाइट पुन्हा आला.

मला ह्यांनी जेवताना समजावून सांगितलं. सेन्सर म्हणे सायलेन्सरच्या नळीत नाक खुपसून बसलेला असतो. जळून आलेल्या धुरात हवा किती उरली, ते हुंगतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. हवा जास्त उरली असं त्यानं सांगितलं की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. “पण एखाद्या सिलिंडरात ठिणगीच पडली न्हाई,” हे म्हणाले, “तर पेट्रोलही जळणार न्हाई अन् हवाही न्हाई. दोन्ही तसंच नळीत येतं. सेन्सर बिचारा सांगतो, हवा उरली. त्याचं काय चुकलं?”

मला तो सेन्सर एकदम ओळखीचा वाटला. घरात करपल्याचा वास आला असं जी पहिल्यांदा म्हणते, तिच्याकडेच सगळे वळून बघतात, तसं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी हेच सगळं ह्यांनी भैय्यासाहेबांना सांगितलं. सेन्सर खरं बोलतोय, आग लागत नाहीये ती आत, ठिणगी बघावी लागेल, गाडी चार दिवस ठेवा.

भैय्यासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “चार दिवस कावून? असला सेन्सर टाका ना, जो ‘सगळं बरं हाय’ म्हणंल!”

आणि खरंच तसं काहीतरी केलेलं होतं कुणीतरी! नळीत मागं आणखी एक सेन्सर असतो, तो एका लांब नळकांडीवर उचलून बसवलेला होता, त्याला धुराचा वासच नीट लागू नये म्हणून. पुण्यातच केलेलं ते काम. शफीकभाईंनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. “इसका तो नाकच बांधके ठेवलंय भाई!”

*

हौशी लोकांची वरात असते तशी भैय्यासाहेबांच्या चुलतभावाची वरात होती. पुढं डीजे, मध्ये घोडीवर नवरदेव, आणि मागं ही लाल गाडी फटाके वाजवत. गाडी वरातीत बंद पडू नये म्हणून ह्यांना बोलावणं आलं होतं. मला बायकांत.

डीजेच्या आवाजाला घोडी हूं की चूं करत नव्हती. सवयीची होती. डोळे मिटून नाचत होती म्हटलं तरी चालेल. मग गाडीनं मिसिंग मारलं. न जळलेलं पेट्रोल नळीत साचलं, आणि पेटलं ते तिथंच. ह्या वेळी शिंक नव्हती. मागून हातभर जाळ आला.

घोडीनं एकदा मागं वळून बघितलं आणि नवरदेवासकट निघाली.

बायकांमध्ये किंकाळी उठली. नवरदेवाची आई अनवाणी पळत होती, तिच्या मागं आम्ही. कुठं पडला असेल, डोक्यावर पडला असेल का, सगळ्यांच्या तोंडावर एकच.  साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तिच्यापाशी घोडी आपोआप थांबलेली सापडली. नवरदेव वर होता. फेटा नव्हता. तलवार नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी घोडीची मान मिठीत धरली होती आणि खाली उतरायला तयारच नव्हता!

भैय्यासाहेब धापा टाकत आले. “घोडीच भित्री निघाली!”

मामांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. म्हणाले, “भित्री न्हाई भैय्यासाहेब. तिला कळलं. तिथं उभं ऱ्हायलो ते आपून.”

*

टेस्ट मात्र ह्यांनीच मारायची. गाडी ह्यांच्या हाताला ‘गप बसते’, असं भैय्यासाहेबांनी ठरवून टाकलं होतं. गाळप हंगाम सुरू झालेला. रस्त्यावर दोन दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यात झुकलेला, मागं ना दिवा ना लाल कापड. त्यातून ही गाडी काढायची.

एक दिवस हे टेस्टहून आले आणि थेट माठाकडे गेले. तांब्या दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायले. थंडीचे दिवस, अंगातला शर्ट पाठीला चिकटलेला. शर्टाच्या बाहीला उसाचं पाचट अडकलेलं होतं. मी ते काढलं. ह्यांनी हात मागं घेतला नाही.

झालं काय ते भैय्यासाहेबांकडूनच कळलं, कारण ते बाहेर सगळ्यांना रंगवून सांगत होते. उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक घेतला. समोरून ट्रक येत होता, पण लांब होता. एवढ्या ताकदीची गाडी, सहज निघाली असती. ट्रॅक्टरच्या बरोबरीला आल्यावर हिनं मिसिंग मारलं. पाय खालपर्यंत दाबलेला, आणि गाडी जाग्यावर खोकतेय! मागं जायला जागा नाही, एका हाताला ऊस, समोर ट्रक. ह्यांनी स्टेअरिंग उलट्या बाजूला ओढलं आणि गाडी रस्ता सोडून पलीकडच्या पाण्याच्या चारीत घातली.

“अन् मी सगळं शूट केलंय!” भैय्यासाहेब म्हणाले. “मिस्त्री, तुमचा चेहरा काय भारी आलाय!”

तो व्हिडिओ ह्यांच्याही मोबाइलवर आला. दुपारी हे झोपले तेव्हा मी तो बघितला. आवाज अगदी बारीक ठेवून. ट्रकचं तोंड मोठं होत जातं. भैय्यासाहेब ‘दाब, दाब बे’ ओरडतात. आणि हे तोंडातल्या तोंडात एकच शब्द बोलतात.

ह्या घरात हे मला ‘अगं’ म्हणतात. मामांसमोर तर तेही नाही, नुसतं खाकरतात. लग्नात सगळ्यांनी आग्रह करकरून नाव घ्यायला लावलं तेव्हा कानापर्यंत लाल झाले होते.

व्हिडिओत ह्यांनी माझं नाव घेतलंय.

*

माझं माहेर घाटनांदूर. तिकडून मोटारसायकलवर परत येत होतो आणि वाटेतच भैय्यासाहेबांचा फोन आला. तोडलेल्या उसाच्या फडात रील काढायला गेले होते, गाडी पुन्हा तिनावर आलीय, येता येता बघून जा.

आम्ही पोचलो तर गाडी फडाच्या कडेला, पाचटावर उभी, इंजिन चालूच. वाळलेलं पाचट घोट्याएवढं. भैय्यासाहेब आणि त्यांचे मित्र बोनेटवर बसून फोटो काढत होते. कडेला ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या होत्या. एक बैलांची टायरगाडी उभी होती, आणि तिच्या खाली साडीची झोळी बांधून लेकरू झोपवलेलं.

मला आधी वास आला. पेट्रोलचा नाही. चुलीचा. मी ह्यांच्या बाहीला धरून ओढलं आणि बोट दाखवलं. गाडीच्या पोटाखालून धूर येत होता. जे पेट्रोल आत जळायचं ते नळीत जळत होतं. नळी तापून लाल झालेली आणि तिच्या खाली ते पाचट.

पुढचं सगळं एका दमात झालं. हे गाडीकडे पळाले. मी लेकराकडे पळाले. माझ्या आधी त्याची आई पोचली होती, हातात कोयता तसाच. तिनं कोयता टाकला आणि झोळीसकट लेकरू ओढून काढलं. ह्यांनी इंजिन बंद केलं आणि गाडी न्यूट्रल करून ढकलत ढकलत उघड्या मातीवर नेली. कोप्यांतल्या बायका घागरी घेऊन धावत आल्या. पाणी, माती, हिरवा पाला, हाताला येईल ते टाकून त्यांनी आग दाबली. टायरगाडीपर्यंत पोचायला तिला फार वेळ लागला नसता.

सगळं विझलं. लेकरू तेवढं रडत होतं. त्यांच्यातली एक म्हातारी काळ्या पाचटात उभी राहून गाडीकडे बघत होती. तिनं रिकामी घागर कमरेवर घेतली आणि भैय्यासाहेबांना विचारलं, “चूल व्हती व्हय ही? मंग आधी सांगायचं न्हाई का रं बाबा! चार भाकरी टाकून घेतल्या असत्या!”

सगळी टोळी हसली. भैय्यासाहेबांचे मित्रही हसले. लेकराची आई हसली नाही. तिनं पोराचं डोकं गळ्याशी दाबून धरलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. मी त्या माणसांकडे आले होते ना!

*

ह्यानंतर ह्यांनी प्रथमच भैय्यासाहेबांकडून गाडी ठेवून घेतली. शफीकभाई आले. त्यांची एक पद्धत आहे. गाडी चालू ठेवायची आणि एकेका सिलिंडरला ठिणगी देणाऱ्या कॉइलची पिन काढायची. पिन काढली की इंजिन अडखळतं. म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. पिन काढूनही आवाजात फरक पडला नाही, तर चोर तोच.

“ज्याला काढल्यावर घरात कुणाला कळत न्हाई,” शफीकभाई म्हणाले, “समजायचं, वो काम का नही.”

मामा स्टुलावर बसून सुपारी कातरत होते. “मला काढून बघा बे एकदा.”

तिसऱ्या सिलिंडरची पिन काढली. आवाज तसाच! शफीकभाईंनी कॉइल वर ओढली आणि हात झटकत मागं सरले. “या अल्लाह! मुंग्या!”

प्लगच्या खड्ड्यातून मुंग्या निघत होत्या. लाल नाही, गोडाच्या असतात त्या काळ्या. ओळीनं. इंजिनावरून खाली, टायरवरून जमिनीवर, आणि थेट माझ्या खिडकीखालच्या भिंतीपर्यंत. ती ओळ मी दोन दिवस बघत होते. मला वाटलं होतं, माझा गुळाचा डबा उघडा राहिलाय; दोनदा पुसून ठेवला.

कॉइल बाहेर काढली तर तिच्या रबराला पांढरट थर. शफीकभाईंनी वास घेतला. ह्यांना दिला. ह्यांनी घेतला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग दोघांनीही मामांकडे बघायचं टाळलं.

आता मामांची रीत सांगायला हवी. आमच्या गॅरेजमधून मोठं काम होऊन गाडी निघाली की मामा नारळ फोडतात. लोक चाकापुढं फोडतात. मामा ट्रॅक्टरवाले. ते म्हणतात, गाडीचा देव चाकात नसतो, इंजिनात असतो. बोनेट उघडायचं, हळदकुंकू लावायचं, आणि फुटलेल्या नारळाचं पाणी इंजिनाच्या डोक्यावर सोडायचं. ट्रॅक्टरला त्यानं कधी काही झालं नाही. हिचं झाकण मात्र शोभेसाठी काढलेलं. पाणी सरळ प्लगच्या खड्ड्यात! म्हणजे दर वेळी हे गाडी दुरुस्त करायचे, दर वेळी मामा नारळ फोडायचे, दर वेळी ठिणगी भिजायची, आणि दर वेळी आमच्याकडे सेन्सर बदलला जायचा.

सांगणार कोण? शफीकभाई म्हणाले, “तुमचे वडील हाय, तुम्ही सांगा.” हे म्हणाले, “देवाधर्माचं हाय, मी कसं सांगू?” शफीकभाई म्हणाले, “और मैं कैसा सांगू?”

शेवटी मामाच उठून आले. कॉइल हातात घेतली. वास घेतला. बराच वेळ ती फिरवून बघत राहिले. मला वाटलं, आता घरात दोन दिवस चूल पेटली तरी कुणी जेवणार नाही.

“नारळ नको म्हणता?” मामा म्हणाले. “बरं. पुढच्या टायमाला पेढा ठेवतो. त्याला पाणी नसतं.”

*

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं. पण शफीकभाईंनी कॉइल उन्हात धरून नखानं दाखवलं, तेव्हा हे हसायचे थांबले. वारंवार भिजून आणि भाजून कॉइलला तडा गेला होता. नवी पुण्याहून मागवली. ती दुसऱ्या दिवशी यायची होती. तोवर जुनीच पुसून, टेप गुंडाळून बसवली, निदान गाडी खड्ड्यावरून हलवता यावी म्हणून.

“थंड हाय तवर शहाणी,” शफीकभाई म्हणाले. “गरम झाली, वरून लोड दिला, की मरती. कब मरंगी, कुणी सांगू शकत न्हाई.”

हे मी खिडकीतून ऐकलं. भैय्यासाहेबांनीही ऐकलं, कारण ते तेव्हाच दारात येऊन उभे राहिले होते. पांढरा शर्ट, गॉगल.

“चला मिस्त्री,” ते म्हणाले. “बीडला जायचंय. गाड्यावाली पोरं जमल्यात सगळी. आपली दाखवायचीय.”

हे म्हणाले, “भैय्यासाहेब, उद्या कॉइल येती.”

“उद्या पोरं थांबणार हायत का? थंडी हाय बाहेर. गरम कशाला होती ती?”

“रस्ता उसाचा हाय. ओव्हरटेकला लोड येतो.”

“म्हणून तर तुमी चालवा म्हणलं! तुमच्या हाताला गप बसती.” भैय्यासाहेब हसले. मग मामांकडे वळले, आणि आवाज जरा खाली आणला. “आबा इचारत व्हते, काका. जागेचं काय म्हणत व्हते ते. मी म्हणलं, आपलीच माणसं हायत, हलवायची कशाला.”

मामांच्या हातातला अडकित्ता थांबला. मी मामांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी गाडीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि जमिनीकडे बघत म्हणाले, “तशी ठीक हाय आता गाडी. जाऊन ये. हळू जा.”

शफीकभाईंकडे भैय्यासाहेबांनी नुसती मान उडवली. “काय, ठीक हाय ना?”

शफीकभाई टेपची गुंडाळी हातात फिरवत राहिले. “हां... ठीकच म्हणायची.”

“मिस्त्री?”

हे हात पुसत होते. हात कधीच पुसून झाले होते, तरी पुसत होते. “ठीक हाय,” हे म्हणाले. “निघू.”

मी तव्यावरची भाकरी उलटली. मग गॅस बंद केला. हातांना पीठ तसंच होतं. मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं बाहेर आले, जिथून मी गॅरेजमध्ये पुरुषमाणसं असताना कधी येत नाही. कुणाचं लक्ष नव्हतं. हे किल्ली घेत होते. मी गाडीचं डावीकडचं पुढचं दार उघडलं आणि आत बसले. सीट कसल्या तरी शर्यतीच्या गाडीची, खोल, पाठीला दोन्हीकडून दाबणारी. पट्टा शोधायला वेळ लागला. बांगड्या त्यात अडकत होत्या. माझं काळीज इतकं वाजत होतं, की मला वाटलं इंजिन चालूच आहे.

हे स्टेअरिंगवर येऊन बसले आणि मला बघून तसेच थांबले. किल्ली फिरवलीच नाही.

मामा स्टुलावरून उठले. सुपारी सांडली. “सूनबाई! अगं उतर! तू कुठं?”

भैय्यासाहेब माझ्या बाजूच्या दाराशी आले. गॉगल काढला. “वहिनी, असं नका करू. खाली उतरा. भरवसा न्हाई हो हिचा! रस्त्यात काय झालं म्हंजी?”

शफीकभाईंच्या हातातली टेप खाली पडून गडगडत गेली. मी पदर खांद्यावरून घेऊन मांडीवर धरला. आवाज कसा निघेल ह्याची मलाच खात्री नव्हती. निघाला तो चांगला मोठा निघाला.

“आत्ता सगळेच ठीक हाय म्हणालात की! मागं बसा, भैय्यासाहेब. माझा पट्टा लावून झालाय.”